पंडिता क्षमाबाई राव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्कृत शिकवताना क्षमाबाईंचं नाव निघालं की विद्यार्थी, त्यांचे पालक, कधी एखादे निवृत्त शिक्षक साधारण हेच प्रश्न विचारतात. तोंडी दिलेली उत्तरं हवेत विरतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. सगळ्या प्रश्नांना सारखीच जागा दिलेली नाही. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींवर थांबल्याशिवाय मला राहवत नाही.

क्षमाबाई राव कोण?

विसाव्या शतकातल्या संस्कृत कवयित्री आणि कथाकार. जन्म पुण्यात, ४ जुलै १८९०. निधन २२ एप्रिल १९५४. माहेरचं आडनाव पंडित. लग्न मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झालं आणि पुढचा संसार मुंबईत. गांधीजींच्या लढ्यावर तीन भागांचं महाकाव्य, पद्य आणि गद्य अशा दोन्ही रूपांतल्या कथा, वडिलांचं चरित्र, मीराबाई आणि महाराष्ट्रातल्या संतांवरची काव्यं, एक प्रवासवर्णन, हे सगळं त्यांनी संस्कृतात लिहिलं. बहुतेक लेखन १९३०च्या दशकापासून पुढे, म्हणजे वयाच्या चाळिशीनंतरचं आहे.

पंडिता रमाबाई आणि पंडिता क्षमाबाई एकच का?

नाही. हा घोटाळा फार वेळा होतो. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या आणि १९२२ साली गेल्या. त्यांना ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली. क्षमाबाई त्यांच्यापेक्षा बत्तीस वर्षांनी लहान. दोघींची विद्वत्ता संस्कृतातली आणि दोघींना विधवांच्या दुःखाची कळकळ, एवढं साम्य मात्र खरं आहे. रमाबाईंनी त्या बायकांसाठी घर उभं केलं. क्षमाबाईंनी त्यांना संस्कृत कथेत नायिकेची जागा दिली.

त्यांच्या माहेराबद्दल सांगाल का?

सांगायलाच हवं, कारण क्षमाबाईंच्या लेखनाची मुळं तिथे आहेत.

वडील शंकर पांडुरंग पंडित. घर मूळचं कोकणातल्या कुडाळजवळच्या बांबुळीचं. संस्कृत अभ्यासकांना हे नाव आजही रोज लागतं, कारण ‘रघुवंश’, ‘मालविकाग्निमित्र’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या मुंबई संस्कृत मालेत निघाल्या. वाक्पतिराजाचं ‘गउडवहो’ हे प्राकृत काव्य त्यांनी १८८७ साली छापून आणलं. सायणभाष्यासह अथर्ववेदाचं त्यांचं संपादन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. ‘वेदार्थयत्न’ या नियतकालिकातून ते ऋग्वेदाचा अर्थ मराठीत आणि इंग्रजीत सांगत होते. वेद सर्वांना कळेल अशा भाषेत मांडणं त्या काळात सोपं नव्हतं.

आणि मराठी माणसाने विसरू नये अशी एक गोष्ट. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची १८६९ सालची आवृत्ती विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्याबरोबर शंकर पांडुरंगांनी सिद्ध केली होती. हे विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी. तुकोबा आणि विधवांचा प्रश्न या दोन्ही गोष्टी पुढे क्षमाबाईंच्या लेखनात पुन्हा भेटतात.

शंकर पांडुरंग पोरबंदर संस्थानाचे प्रशासक होते. परिव्राजक अवस्थेत फिरणारे स्वामी विवेकानंद तिथे त्यांच्याकडे उतरले होते, वेदांच्या कामात त्यांनी हातभार लावला आणि तिथेच फ्रेंच शिकायला घेतली, असं स्वामीजींच्या चरित्रांत येतं. पोरबंदर हे गांधीजींचंही जन्मगाव. ज्या संस्थानाचा कारभार वडिलांनी पाहिला, त्याच गावच्या मुलावर लेकीने पुढे महाकाव्य लिहिलं.

१८९४ साली शंकर पांडुरंग गेले. क्षमाबाईंना चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. वडील त्यांना आठवत असतील तर किती पुसट! तरी १९३९ साली त्यांनी ‘शंकरजीवनाख्यान’ लिहून वडिलांचं संपूर्ण चरित्र श्लोकबद्ध केलं. मांडीवर बसून संस्कृत शिकायचं भाग्य या मुलीला मिळालं नाही. वडिलांनी छापलेल्या ग्रंथांतून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली, असं मला ते काव्य वाचताना नेहमी वाटतं.

विजयालक्ष्मी पंडित यांच्याशी नातं होतं का?

होतं. विजयालक्ष्मी म्हणजे पंडित नेहरूंच्या भगिनी. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे शंकर पांडुरंगांच्याच घराण्यातले, म्हणजे क्षमाबाईंचे माहेरचे नातेवाईक. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच. ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसून रणजित पंडित १९४४ साली गेले. संस्कृत आणि देशकार्य ही जोडी त्या घरात एकट्या क्षमाबाईंचीच नव्हती.

मराठी आणि इंग्रजी येत असताना संस्कृतातच का लिहिलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरा प्रश्न असतो: संस्कृत कोण वाचणार?

१९३०च्या सुमाराची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. मद्रासचा शास्त्री, काशीचा पंडित, पुण्याचा प्राध्यापक आणि बंगालमधला विद्यार्थी यांना एकच पुस्तक कुठल्याही भाषांतराशिवाय वाचता येईल अशा भाषा दोनच होत्या. एक इंग्रजी, आणि ज्यांच्याविरुद्ध लढा चालू होता त्यांची ती भाषा. दुसरी संस्कृत. क्षमाबाईंनी आपल्या अनेक रचनांना स्वतः इंग्रजी भाषांतर जोडलं, म्हणजे इंग्रजीशी त्यांचं वैर नव्हतं. पण लढ्याची गाथा कोणत्या भाषेत रचायची, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

माझ्या मते याहून मोठं कारण वेगळं आहे. संस्कृत म्हणजे पूजेची, मंत्रांची, फार तर कालिदासाची भाषा, हे त्यांना मान्यच नव्हतं. काल घडलेली गोष्ट, शेजारच्या घरातलं दुःख, वर्तमानपत्रात आलेली अटक, हे सगळं संस्कृतात सांगता येतं हे त्यांनी लिहून दाखवलं.

‘सत्याग्रहगीता’ म्हणजे नेमकं काय?

१९३२ साली प्रसिद्ध झालेलं काव्य. भगवद्गीतेप्रमाणेच अठरा अध्याय, साडेसहाशेच्या वर श्लोक, सगळे अनुष्टुभ छंदात. विषय गांधीजींच्या नेतृत्वाखालचा लढा, १९३१च्या गांधी-आयर्विन करारापर्यंतचा.

गीता हे नाव उगाच घेतलेलं नाही. कुरुक्षेत्रावरच्या गीतेत शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला ते उचलायला सांगितलं जातं. इथे सगळा देश शस्त्राविना रणात उतरला आहे. अठरा अध्यायांचा तोच साचा घेऊन त्यात निःशस्त्र युद्ध बसवायचं, हे धाडस समजून घेतलं तर पुस्तक वेगळंच दिसू लागतं.

आरंभी कवयित्री म्हणतात की माझी बुद्धी तोकडी आहे, पण देशभक्तीने विवश झाले म्हणून गायला उभी राहिले. कालिदासानेही रघुवंशाच्या सुरुवातीला अशीच नम्रता दाखवली आहे आणि त्याच रघुवंशाचं संपादन वडिलांनी केलं होतं. नम्रतेची रीत जुनीच. ‘देशभक्ती’ हे कारण मात्र जुन्या कवीला देता आलं नसतं.

ते पॅरिसमध्ये का छापलं गेलं?

कारण इथे छापणं धोक्याचं होतं. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. सरकारने छापखान्यांवर वटहुकूम काढला, १९३१ साली तर छापखान्यांकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा कायदाच आला. सत्याग्रहाचं गुणगान करणारं पुस्तक छापून कोणता छापखानेवाला आपला छापखाना पणाला लावणार? म्हणून साबरमती, दांडी आणि येरवड्याची ही संस्कृत कथा फ्रान्समध्ये छापून निघाली.

अनुष्टुभच का? एकच छंद सतत वाचून कंटाळा येत नाही का?

अनुष्टुभ हा गोष्ट सांगण्याचा छंद आहे. रामायण, महाभारत आणि गीता मुख्यतः याच छंदात आहेत. शार्दूलविक्रीडितासारख्या लांब वृत्तात वर्णन खुलतं, पण प्रसंग भराभर पुढे न्यायचा तर अनुष्टुभच हवा.

मराठी माणसाला तो कानाने ठाऊकच असतो. मारुतिस्तोत्रातली ओळ घ्या: ‘वनारी अंजनीसूता रामदूता प्रभंजना’. बोटांवर मोजून पाहा. व-ना-री-अं-ज-नी-सू-ता, आठ अक्षरं. रा-म-दू-ता-प्र-भं-ज-ना, आठ अक्षरं. दोन्हीकडे पाचवं अक्षर लघु (ज, प्र) आणि सहावं गुरू (नी, भं). सातवं अक्षर पहिल्या चरणात गुरू (सू) आणि दुसऱ्यात लघु (ज). अशा चार चरणांचा, बत्तीस अक्षरांचा एक श्लोक. वर्गात मी फळ्यावर काही न लिहिता आधी ही ओळ म्हणायला लावते आणि मग ‘सत्याग्रहगीते’चं पान हातात देते. अर्थ कळायच्या आधीच मुलांची जीभ त्या ठेक्यावर चालू लागते. लहानपणी अंथरुणावर पडून म्हटलेल्या स्तोत्राच्या चालीवर दांडीयात्रा वाचता येते, याचं नवल त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

कंटाळ्याबद्दल विचाराल तर तीनही भाग एका दमात वाचू नका. रोज एक अध्याय पुरे.

तीन भाग कोणते?

‘सत्याग्रहगीता’ १९३२ची. त्यानंतर ‘उत्तरसत्याग्रहगीता’, १९४८ साली प्रसिद्ध, सत्तेचाळीस अध्याय, १९३१ ते १९४४ या काळावर. शेवटी ‘स्वराज्यविजय’, चौपन्न अध्याय. तो क्षमाबाईंच्या पश्चात १९६२ साली छापून आला.

ज्या घटना चालू होत्या त्यांच्यावरच त्या लिहीत होत्या, हे विसरू नका. पहिला भाग लिहिताना स्वराज्य मिळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महाकाव्याला नायकाचा विजय लागतो असा जुना दंडक आहे, आणि इथे कवयित्रीला शेवट माहीत नसताना आरंभ करावा लागला.

त्यांच्या कथांविषयी काय सांगाल?

इथे मी पक्षपाती आहे. मला क्षमाबाई काव्यापेक्षा कथांत जास्त भेटतात.

‘कथापञ्चक’ (१९३३) आणि ‘ग्रामज्योति’ पद्यात आहेत. ‘ग्रामज्योति’तल्या कथा गुजरातच्या खेड्यापाड्यांतल्या सत्याग्रहाभोवतीच्या. ‘कथामुक्तावली’ (१९५४) हा पंधरा गद्यकथांचा संग्रह. नुसती शीर्षकं वाचलीत तरी जुन्या कथासरित्सागराच्या जगातून आपण किती दूर आलो ते कळेल: ‘परित्यक्ता’, ‘विधवोद्वाहसंकटम्’, ‘मिथ्याग्रहणम्’, ‘मायाजालम्’. टाकलेली बाई, विधवेच्या लग्नाने उभं राहिलेलं संकट, गैरसमज. यांत राजे, पिशाच्चं, विद्याधर कुणी नाही. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्यांनी मराठी घरांत जे दुःख बोलकं केलं, तेच क्षमाबाईंनी संस्कृतात आणलं.

आता एक गोष्ट जरा जवळून पाहा. जुन्या संस्कृत नाटकांत बायका सहसा संस्कृत बोलत नाहीत. राजा संस्कृतात विचारतो, राणी प्राकृतात उत्तर देते. क्षमाबाईंच्या वडिलांनी संपादित केलेल्या ‘मालविकाग्निमित्रा’तली मालविका प्राकृतातच बोलते. संस्कृत बोलायचा मान तिथे कौशिकी या परिव्राजिकेला आहे, कारण ती विदुषी आणि संन्यासिनी. वडिलांच्या टेबलावरच्या हस्तलिखितांत बाईची भाषा ठरलेली होती. लेकीने लिहिलेल्या कथांत विधवा संस्कृत बोलते, खेड्यातली बाई संस्कृत बोलते, नवऱ्याने टाकलेली मुलगी संस्कृत बोलते. याविषयी त्यांनी कुठे गाजावाजा केलेला नाही. त्यांनी फक्त त्यांना बोलू दिलं.

त्यांनी नाटकंही लिहिली का?

या घरातली रंगभूमीची बाजू मुख्यतः त्यांच्या मुलीने, लीलाबाईंनी सांभाळली. लीला राव-दयाळ यांनी आईच्या कथांना संस्कृत नाट्यरूप दिलं: ‘बालविधवा’, ‘असूयिनी’, ‘क्षणिकविभ्रमः’, ‘मिथ्याग्रहणम्’, ‘कटुविपाकः’ आणि आणखी काही. आई कथा लिहिते आणि मुलगी त्याच कथेतल्या बाईला रंगमंचावर उभी करते, अशी जोडी अर्वाचीन संस्कृतात दुसरी मला ठाऊक नाही. लीलाबाईंनी स्वतंत्र नाटकंही लिहिली, त्यांतलं ‘जयन्तु कुमाउनीयाः’ हे सैनिकांवरचं. नृत्याचाही त्यांचा अभ्यास होता. नाट्यशास्त्राच्या परंपरेतल्या नृत्यप्रकारांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आहे.

छोट्या वाचनमंडळाने किंवा शाळेने यांतलं एखादं नाटक करायला काहीच हरकत नाही. नेपथ्य फार लागत नाही. घर, अंगण, दोन-तीन पात्रं. संवाद आधी मराठीत समजावून घ्या आणि मग संस्कृतात पाठ करा.

टेनिसपटू लीला रो त्याच का?

त्याच! इंग्रजी स्पेलिंगमुळे ‘राव’चं ‘रो’ झालं. १९३४ साली विंबल्डनमध्ये त्यांनी पहिल्या फेरीचा सामना जिंकला आणि तिथे एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी अनेकदा मिळवलं. क्षमाबाई स्वतःही टेनिस खेळत. आईची ‘सत्याग्रहगीता’ आणि लेकीचं विंबल्डन यांत दोनच वर्षांचं अंतर आहे. संस्कृतवाले लोक जुन्या पोथीत डोकं घालून बसलेले असतात असं कुणी म्हणालं, की मी हे घर दाखवते.

संतांवर त्यांनी काय लिहिलं?

१९४४ साली ‘मीरालहरी’, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘तुकारामचरित’, ‘रामदासचरित’ आणि ‘ज्ञानेश्वरचरित’. यातली उलट वाहणारी गंगा पाहण्यासारखी आहे. ज्ञानेश्वरांनी संस्कृत गीता मराठीत आणली. तुकोबांनी तर सगळं मराठीतच सांगितलं. क्षमाबाईंनी या संतांचं जीवन संस्कृतात नेलं, म्हणजे मराठी न येणाऱ्या केरळच्या किंवा काश्मीरच्या वाचकालाही इंद्रायणीचा काठ दिसावा. वडिलांनी गाथा छापली, मुलीने गाथाकाराचं चरित्र लिहिलं.

त्यांचं हलकंफुलकं काही आहे का?

‘विचित्रपरिषद्यात्रा’ (१९३८) वाचा. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेसाठी त्या त्रावणकोरात, त्रिवेंद्रमला गेल्या, त्या प्रवासाचं हे वर्णन. थोर थोर विद्वान एकत्र जमले की काय होतं ते त्यांनी मिस्कीलपणे टिपलं आहे.

वाचायला किती संस्कृत यायला हवं? सुरुवात कुठून करावी?

शाळेत दहावीपर्यंत संस्कृत घेतलं असेल आणि विभक्ती अजून जिभेवर असतील, तर ‘सत्याग्रहगीता’ जमेल. क्षमाबाईंचे समास लांबलचक नाहीत, श्लेषांची कसरतही नाही. शिवाय घटना आपल्याला ठाऊक असतात, त्यामुळे अडलेला शब्द संदर्भाने सुटतो. अनोळखी राजाच्या अनोळखी युद्धापेक्षा मिठाचा सत्याग्रह समजणं केव्हाही सोपं.

मी सांगते तो क्रम असा: ‘सत्याग्रहगीते’चा पहिला अध्याय मोठ्याने म्हणत वाचा. मग ‘कथामुक्तावली’तली एखादी गद्यकथा. ‘शंकरजीवनाख्यान’ त्यानंतर. गुणांसाठी घेतलेलं संस्कृत दहावीनंतर बहुतेकांचं सुटतं. त्यातल्या पुष्कळांना आपल्या हातातल्या किल्लीने आणखी कोणती कुलुपं उघडतात हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पुस्तकं कुठे मिळतील? छापता येतील का?

नव्या आवृत्त्यांसाठी दुकानात हेलपाटे घालण्यापेक्षा मुंबई-पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांच्या संस्कृत विभागात विचारा. शोधताना ‘क्षमा राव’, ‘क्षमाबाई राव’, ‘क्षमादेवी राव’ आणि ‘रो’ अशी सगळी रूपं पाहा. एकाच नावावर थांबलात तर अर्धी पुस्तकं हाती लागणार नाहीत.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे क्षमाबाईंच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०१४ अखेर संपला, आणि १९६२ सालच्या ‘स्वराज्यविजया’चा २०२२ अखेर. एखाद्या संस्थेने सुटसुटीत मराठी अर्थासह नवी आवृत्ती काढायची ठरवली तर कायद्याची अडचण नाही. लीलाबाईंच्या नाटकांचे हक्क मात्र वेगळे तपासून घ्या.

महाराष्ट्रातले आणखी कोणते आधुनिक संस्कृत लेखक वाचावेत?

थोडक्यात सांगते. कोल्हापूरकडचे अप्पाशास्त्री राशिवडेकर, ‘संस्कृतचन्द्रिका’ आणि ‘सूनृतवादिनी’ या नियतकालिकांसाठी. लोकनायक बापूजी अणे यांचं लोकमान्यांवरचं ‘तिलकयशोऽर्णव’, ज्याला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नागपूरचे श्रीधर भास्कर वर्णेकर यांचं ‘शिवराज्योदय’ हे अडुसष्ट सर्गांचं महाकाव्य, पुढच्याच वर्षीचा अकादमी पुरस्कार त्याला. वर्णेकरांनी संस्कृत नाटकंही लिहिली.

वर्गात एकच तास मिळाला तर काय वाचून दाखवाल?

दांडीचा प्रसंग. आधी मारुतिस्तोत्राची ती एक ओळ सगळ्यांकडून म्हणून घ्या, मग त्याच ठेक्यात एकाने श्लोक वाचायचा आणि दुसऱ्याने लगेच मराठीत सांगायचा. तासात दहा-बारा श्लोक होतात. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा मधेच विचारतो, “बाई, हे खरंच संस्कृत आहे? मग कळतंय कसं?” त्याला उत्तर देऊ नका, पुढचा श्लोक त्याच्याकडून वाचून घ्या.